केमो चालू असताना होमिओपॅथी
केमोच्या काळात मळमळ, तोंड येणं, थकवा यांवर अनेक जण होमिओपॅथीच्या गोळ्या घेतात. या गोळ्यांनी कॅन्सर बरा होतो याला भरवशाचा पुरावा नाही. गोळ्यांवर लिहिलेलं ३० सी म्हणजे शंभरपट विरलन, तेही तीस वेळा; मूळ द्रव्याचा एखादा रेणू गोळीत उरणंही जवळपास अशक्य. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००९ च्या आढाव्यात रेडिएशनने त्वचा सोलवटू नये म्हणून लावायच्या कॅलेंड्युला मलमाच्या (आपला झेंडू नव्हे) बाजूने प्राथमिक पुरावा आढळला. पण या मलमात वनस्पतीचा अर्क खरोखरच असतो! तोंड येण्यावर ट्रॉमील या होमिओपॅथिक औषधाच्या गुळण्यांचा लहान चाचणीत दिसलेला फायदा २०१२ च्या मोठ्या चाचणीत टिकला नाही. मदर टिंक्चरमध्ये (विरल न केलेल्या मूळ अर्कात) अल्कोहोल असतं, तोंड आलं असेल तर झोंबतं. काहीही घेत असाल तरी ऑन्कॉलॉजिस्टना सांगा, आणि गोळ्यांच्या भरवशावर केमोची तारीख पुढे ढकलू नका.