ताप उतरला, पण खपली पडली का?

मंकीपॉक्स हा देवीच्या कुळातला रोग. माणसात तो प्रथम १९७० साली कांगोत आढळला. भारतातला पहिला रोगी जुलै २०२२ मध्ये केरळात सापडला. तो आखातातून परतलेला प्रवासी होता, आणि निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत झाले. बाहेरदेशी जाणारे आपल्या भंडारा जिल्ह्यातही आहेत, तेव्हा या रोगाची चाल माहीत असलेली बरी.

विषाणू बहुधा कातडीच्या बारीकशा चिरेतून शिरतो. मग काही दिवस, कधी तीन आठवड्यांपर्यंत, बाहेरून काहीच दिसत नाही. आत मात्र तो वाढत असतो. पुढे ताप, अंगदुखी सुरू होते आणि मानेत, काखेत किंवा जांघेत अवधाण येते. कांजिण्यांत असे अवधाण सहसा ठळक नसते. कधी कधी मात्र ताप न येता थेट फोडच दिसतो.

विषाणू मोठा वस्ताद! धोक्याची सूचना देण्यासाठी पेशी जी रसायने सोडतात, त्यांनाच तो निकामी करू पाहतो. त्यामुळे सुरुवातीला त्याचेच फावते. पुरळ उठल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत रक्तात प्रतिपिंडे वाढतात, बाधित पेशी हुडकून मारणाऱ्या पांढऱ्या पेशीही कामाला लागतात. रक्तातला विषाणू ओसरतो, ताप उतरतो आणि रोगी म्हणतो, 'झालो बरा!'

फसगत होते ती इथेच. फोडात आणि खपलीत विषाणू रक्तापेक्षा कितीतरी अधिक असतो आणि टिकतोही जास्त दिवस. म्हणूनच तपासणीसाठी फोडातला द्रव किंवा खपली घेतात. सर्व खपल्या गळून खाली नवी कातडी येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन ते चार आठवडे, रोग्याचे अंथरूण-टॉवेल वेगळे हवेत. एचआयव्हीमुळे पांढऱ्या पेशी फार घटल्या असतील तर हा काळ लांबतो, जिवावरही बेतते.

लहानपणी देवी काढलेल्यांचे काय? कांगोत १९८० च्या दशकातील पाहणीत देवीच्या लसीने सुमारे ८५ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले होते. पण आजोबांच्या दंडावरचा व्रण आता पन्नास वर्षांचा. त्यावर फार विसंबू नये. नातवाला तर तोही नाही.

संशय आल्यास फोड फोडू नयेत, अंग झाकून जिल्हा रुग्णालयात जावे आणि अलीकडे कुठे प्रवास झाला, कुणाचा निकट संपर्क आला, हे न लाजता सांगावे.