अग्नीच्या पोटातले नाशिक

क्षेपणास्त्र म्हातारे होते ते आतून. बाहेरचा रंग तसाच राहतो, बॅटरी नवी टाकता येते, दिशादर्शनाची यंत्रणा बदलता येते. पण मोटरीत ओतून घट्ट झालेले घन इंधन तिथेच पडून असते आणि वर्षागणिक कडक होत जाते. अग्नी-१ आणि अग्नी-२ यांची जागा घेण्यासाठी डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेने अग्नी प्राइम घडवले. त्याची चर्चा होते ती पल्ल्याची आणि अचूकतेची. मला मात्र या बदलाचे मर्म इंधनात दिसते, आणि ती विद्या सांभाळणारी एक मोठी प्रयोगशाळा आपल्या नाशिकला आहे.

तिचे नाव अॅडव्हान्स्ड सेंटर फॉर एनर्जेटिक मटेरिअल्स, म्हणजे एसीईएम. दिंडोरीकडच्या माणसांसाठी ती नुसती 'डीआरडीओ'. ओझरचा विमान कारखाना आणि देवळालीचे तोफखाना स्कूल सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहेत. एसीईएमबद्दल फारसे कुणी बोलत नाही. मोठ्या रॉकेट मोटरींत घन इंधन भरणे आणि त्या मोटरी जमिनीवर घट्ट बांधून पेटवून पाहणे, हे तिचे काम. पुण्यात सुतारवाडीला असलेली एचईएमआरएल ही या विषयातली थोरली संस्था. तिचे मूळ 1908 साली नैनितालला सुरू झालेल्या स्फोटक-तपासणीच्या कार्यालयात आहे.

हे काम होते कसे? अमोनियम परक्लोरेट हा ऑक्सिजन पुरवणारा क्षार, अॅल्युमिनियमची भुकटी आणि या दोहोंना धरून ठेवणारे एचटीपीबी नावाचे रबरी द्रव्य, हे मुख्य घटक. एचटीपीबी काकवीसारखे दाट असते. त्यात कोरडी पूड मिसळताना ठिणगीची जराही शक्यता ठेवून चालत नाही, म्हणून मिक्सर फिरू लागला की माणसे जाड भिंतींपलीकडे, दूरच्या नियंत्रण कक्षात बसतात. तयार घोळ निर्वात अवस्थेत मोटरीच्या कवचात ओततात, कारण आत अडकलेला हवेचा बुडबुडा पुढे घात करतो. मधोमध आधीच एक साचा उभा केलेला असतो. मग उबदार भट्टीत कित्येक दिवस ते मुरू द्यायचे. घट्ट झाल्यावर साचा काढला की मधे पोकळी उरते आणि मोटर जळते ती याच पोकळीच्या भिंतींपासून बाहेरच्या दिशेने. पोकळीचा आकार ठरवतो की जोर सुरुवातीला किती आणि शेवटी किती. एकदा पेटल्यावर नळ बंद करण्याची सोय नाही, म्हणून सगळी अक्कल आधीच खर्चावी लागते.

ओतून झाल्यावर मोटरीची क्ष-किरण तपासणी होते. शोधायची असते ती भेग, किंवा इंधन कवचापासून सुटल्याची खूण. भेग पडली की जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब चढतो आणि मोटर फुटू शकते. जुनेपणाची भीती आहे ती हीच. उन्हाळे-पावसाळे, दमट हवा आणि रस्त्यावरचे हादरे खाऊन रबर ताठरते आणि चिरा जातात.

अग्नीच्या घराण्यात घन इंधन पहिल्यापासून आहे. 22 मे 1989 रोजी चांदीपूरहून उडालेल्या पहिल्या अग्नीचा खालचा टप्पा एसएलव्ही-३ या उपग्रहवाहकावरून घेतला होता. देशाच्या अवकाश कार्यक्रमात घन इंधनाची घडी बसवणाऱ्यांत आपले वसंत गोवारीकर अग्रभागी होते, हे मराठी माणसाने विसरू नये. पुढे 1999 च्या एप्रिलमध्ये अग्नी-२ आणि 25 जानेवारी 2002 रोजी अग्नी-१ उडाले.

अग्नी प्राइमची पहिली चाचणी 28 जून 2021 ची. दोन्ही टप्पे घन इंधनाचे, पल्ला 1000 ते 2000 किलोमीटर, म्हणजे दोन्ही जुन्या भावंडांचे काम एकट्याने करणारे. ते बंद कॅनिस्टरमध्ये राहते आणि त्यातूनच उडते. त्यामुळे धूळ आणि दमट हवा इंधनापर्यंत सहजी पोचत नाही, शिवाय हलवणे सोपे होते. सप्टेंबर 2025 मध्ये ते रेल्वेवरच्या लाँचरवरूनही डागून पाहिले गेले.

जुन्या इंधनाच्या बाबतीत अमेरिकेचा अनुभव बोलका आहे. त्यांचे मिनिटमन-३ हे क्षेपणास्त्र 1970 पासून जमिनीखालच्या विहिरींत उभे आहे. मधल्या काळात त्यांनी मोटरींत नवे इंधन भरून आयुष्य वाढवले. आता बदली म्हणून सेंटिनेल आणताना 2024 चा सरकारी अंदाज 141 अब्ज डॉलरच्या घरात गेला. बदली लांबवत नेली की काय भाव पडतो, ते यात दिसते.

अग्नी प्राइम हे अण्वस्त्र वाहून नेणारे यंत्र आहे. त्याचे कौतुक करताना हात आखडावा, असेच मला वाटते. ते कधीही वापरावे लागू नये. भारताचे घोषित धोरणही आधी वार न करण्याचे आहे. पण ज्याने प्रतिवाराच्या खात्रीवर भिस्त ठेवली, त्याचे इंधन वीस वर्षांनीही पेटले पाहिजे. नाहीतर त्या धोरणाला अर्थ उरत नाही.

नाशिकच्या महाविद्यालयांत रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना म्हणूनच सांगणे आहे: पदवीनंतर काय, असा प्रश्न पडला तर पॉलिमरच्या रसायनाकडे वळा. या विद्येला नवी माणसे हवीत, आणि तिचे एक केंद्र तुमच्याच जिल्ह्यात आहे.