शरीराच्या अवयवांची नावे : पाठाची दिशा

प्राथमिक शाळेत शरीराच्या अवयवांचा पाठ सर्वांत सोपा मानला जातो. डोके, हात, पाय, पोट ही नावे मूल शाळेत येण्यापूर्वीच शिकलेले असते. त्यामुळे शिक्षक भिंतीवर तक्ता टांगतात, मुले एका सुरात नावे म्हणतात आणि पाठ संपतो. परंतु ह्या पाठाचा हेतू नावे पाठ करविणे एवढाच नाही. स्वतःच्या शरीरात कोठे काय होत आहे, हे मुलास दुसऱ्याला समजेल अशा शब्दांत सांगता यावे, हा त्याचा खरा हेतू होय.

महाड आणि पोलादपूर ह्या तालुक्यांत ह्या हेतूचे महत्त्व विशेष आहे. सावित्रीच्या खोऱ्यातील आणि आंबेनळी, वरंध ह्या घाटांच्या पायथ्याशी असलेल्या अनेक वाड्यांपासून दवाखाना दूर आहे. भाताचा पेंढा, लाकूडफाटा व दगडांचे बांध ह्यांच्या आश्रयाने लाल विंचू राहतो. ह्याच भागात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली रुजू झाले आणि त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचा अभ्यास आरंभिला. १९८२ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ह्या दंशाची पूर्वसूचक लक्षणे मांडली. ओकारी, दरदरून घाम आणि हातपाय गार पडणे ही त्यांतील प्रमुख होत; मुलग्यांच्या जननेंद्रियाशी संबंधित असेही एक लक्षण त्यांत आहे. विषामुळे हृदयावर ताण पडतो आणि पुढे फुप्फुसांत पाणी साचून श्वास कोंडतो. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध वेळेवर दिल्यास रुग्ण वाचतो, हे डॉ. बावस्कर व त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर ह्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केले. गंभीर दंशात पूर्वी शंभरांतील सुमारे तीस रुग्ण दगावत. ते प्रमाण ह्या उपचाराने एकाच्या आसपास आले. डॉ. हिम्मतराव बावस्कर ह्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

ह्या हकिगतीतून शिक्षकाने घ्यावयाचा बोध असा. औषध आहे, परंतु ते वेळेवर मिळण्यासाठी लक्षण वेळेवर सांगितले गेले पाहिजे. "कसेतरी होते" एवढेच म्हणणारे मूल आणि "तळपायाला चावले, हात गार पडले, छातीत धडधडते" असे सांगणारे मूल, ह्या दोहोंत मोलाच्या वेळेचे अंतर असते.

पाठाची पहिली पायरी बाह्य अवयवांची. मराठीत 'पाय' हा शब्द कमरेपासून बोटांपर्यंत चालतो. म्हणून त्याचे भाग करून घ्यावे : मांडी, गुडघा, पुढच्या बाजूस नडगी, मागच्या बाजूस पोटरी, घोटा, टाच, तळवा व चवडा. हाताचेही तसेच : खांदा, दंड, कोपर, मनगट, तळहात आणि अंगठा, तर्जनी, मध्यमा, अनामिका, करंगळी ही बोटे. मान, गळा आणि घसा ह्यांतील भेद मुलांनी स्वतः हात लावून व थुंकी गिळून समजून घ्यावा. मान हा डोके व धड जोडणारा भाग, गळा ही तिची पुढची बाजू आणि घसा आतला. 'टाळू' हा शब्द तर डोक्याच्या माथ्यालाही लावतात आणि तोंडातील वरच्या भागालाही. कोणती टाळू, हे मुलास सांगता आले पाहिजे.

डावे-उजवे शिकविताना एक दक्षता घ्यावी. मुलांकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या शिक्षकाचा उजवा हात मुलांना आपल्या डाव्या बाजूस दिसतो. तक्त्यावरील माणसाचेही तसेच. यकृत शरीराच्या उजव्या बाजूस असते, पण तक्त्यात ते पाहणाऱ्याच्या डावीकडे दिसते. "ज्याचे शरीर, त्याचा उजवा" हा नियम प्रथम ठसवावा. शिक्षकाने मुलांकडे पाठ करून हात वर केल्यास हा भेद चटकन कळतो.

दुसरी पायरी आतील अवयवांची. येथे घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द ह्यांची गाठ घालून द्यावी लागते. बकऱ्याचे काळीज मुलांनी पाहिलेले असते. ते यकृत होय. परंतु भीती वाटली की "काळीज धडधडते" असे आपण म्हणतो, तेव्हा धडधडते ते हृदय. 'शीर' ह्या शब्दाचेही असेच आहे. रक्तवाहिनी, मज्जातंतू आणि स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, ह्या तिन्हींना बोलीत शीरच म्हणतात. हृदयाकडून रक्त नेणारी ती धमनी, हृदयाकडे आणणारी ती शिरा. जुन्या पुस्तकांत ह्यांनाच रोहिणी व नीला म्हटले आहे. मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजावयास लावली, म्हणजे धमनी हा शब्द पुन्हा घोकावा लागत नाही.

'पोट' हाही असाच मोठा शब्द. जठर, लहान आतडे, मोठे आतडे, मूत्राशय हे सारे त्यात येते. बेंबी हा मध्यबिंदू धरून वर, खाली, उजवीकडे, डावीकडे असे बोट ठेवून दाखविण्याचा सराव द्यावा. बेंबीजवळ सुरू झालेले दुखणे उजवीकडे खाली सरकले, तर ते आंत्रपुच्छाच्या सुजेचे असू शकते. असे मूल विनाविलंब वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जावे.

लज्जेमुळे वगळल्या जाणाऱ्या अवयवांविषयी शिक्षकाने संकोच धरू नये. शिश्न, वृषण, योनी ही नावे नाक-कानांच्या नावांइतक्याच गंभीरपणे, एकदा व स्पष्ट उच्चारावी. हसू उठले तर रागावू नये; पुढील अवयवाकडे वळावे. ज्या अवयवास नाव नाही, त्याचे दुखणे मूल लपविते. विंचूदंशाचे लक्षणही लपविते, आणि कोणी अनुचित स्पर्श केल्यास तोही सांगू शकत नाही. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाचा कायदा २०१२ साली झाला. मुलाने प्रथम बोलले पाहिजे, तरच त्याचा उपयोग.

कातकरी वाडीतील किंवा धनगरवाड्यातील मुलाचा घरचा शब्द वेगळा असेल. तो चुकीचा ठरवू नये. मुलाकडून तो विचारून घ्यावा, फळ्यावर एका बाजूस लिहावा व समोर प्रमाण शब्द लिहावा. दवाखान्यात प्रमाण शब्द उपयोगी पडेल, घरी आजीला सांगताना घरचा. दोन्ही शब्द जाणणारे मूल घराचे आणि दवाखान्याचे दुवा बनते.

पाठाची परीक्षा नावे विचारून घेऊ नये. प्रसंग द्यावा : "पेंढा काढताना करंगळीला विंचू चावला. डॉक्टरांना काय सांगशील?" कोठे, केव्हा, नंतर काय झाले, अशी तीन वाक्ये प्रत्येक मुलाने बोलावी. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, मंत्र-तंत्रात वेळ दवडू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने आरोग्य केंद्र गाठावे, हेही त्याच वेळी सांगावे. ही तीन वाक्ये वर्गातील शेवटच्या बाकावरील मुलासही बोलता आली, म्हणजे पाठ पूर्ण झाला असे समजावे.