तांबडी खूण आणि शेरा



मराठीच्या जुन्या अध्यापकाने संगणकावरील साठा-व्यवस्थापनाविषयी बोलावे, हे काहींना नवलाचे वाटेल. परंतु वडोदऱ्यातील एका संस्थेच्या खरेदी समितीवर काम करताना या विषयाने मला जो धडा दिला, तो आपल्यापुढे मांडणे मी कर्तव्य समजतो.

त्या संस्थेत कागद, खडू, पुस्तके यांची प्रत्येक मागणी सॉफ्टवेअरमध्ये नोंदली जाते आणि नेहमीपेक्षा वेगळ्या मागणीपुढे तांबडी खूण उमटते. हे वेगळेपण कसे ठरते? समजा, खडूच्या मागील बारा मागण्यांची सरासरी ४० खोकी आहे आणि प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा नित्याचा चढउतार, ५ आहे. दोन्ही बाजूंना या विचलनाची तिप्पट धरली की २५ ते ५५ ही मर्यादा मिळते. ४०० खोक्यांची मागणी आली, तर एक शून्य चुकून अधिक पडले असावे, अशी शंका वेळीच घेता येते. ज्या नियंत्रण-आलेखांवरून ही तिपटीची मर्यादा रूढ झाली, त्यांचा पहिला आराखडा वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतील वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये काढला.

या चाळणीलाही छिद्रे आहेतच. मंजुरीची मर्यादा चुकवण्यासाठी मोठ्या खरेदीचे चार तुकडे केले, तर एकही तुकडा तीत अडकत नाही. त्यासाठी एकाच पुरवठादाराकडील लागोपाठच्या मागण्यांची बेरीज तपासणारा निराळा नियम लागतो.

एकदा मराठी शब्दकोशाच्या ६० प्रतींची मागणी समितीपुढे आली. तिच्यापुढे तांबडी खूण होती. बैठक लांबली होती. मी फारशी चौकशी न करता ती परत पाठवली. आठ दिवसांनी ग्रंथपालबाई भेटल्या आणि म्हणाल्या, “सर, आकडा बरोबर होता. प्रत्येक वर्गात मुलांच्या हाताशी कोश असावा, म्हणून मागवले होते. आपण वर्षाला दोन-तीनच मराठी पुस्तके घेत आलो, म्हणून साठ प्रती यंत्राला विचित्र वाटल्या.” जन्मभर मराठी शिकवलेला मी निरुत्तर झालो.

यंत्राला योग्य-अयोग्य कळत नाही. नित्याचे काय, एवढेच त्याला कळते, आणि तेही आपल्याच मागील वर्तनावरून. ज्या नगरीत सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणवून ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, तेथे मराठी कोशांची मागणी अपवाद ठरावी, हा दोष यंत्राचा कसा म्हणावा?

यावर आम्ही एक साधा उपाय केला. खूण उमटलेली मागणी मंजूर करायची असो वा नामंजूर, मंजुरी देणाऱ्याने कारण लिहिल्याशिवाय ती पुढे सरकत नाही. आपल्या कचेऱ्यांत कागदावर शेरा मारण्याची जी जुनी रीत आहे, तीच ही. खूण ‘थांबा’ एवढेच म्हणते. का थांबायचे आणि केव्हा पुढे जायचे, हे शेऱ्यातून माणसाने सांगायचे असते.

कोशांची मागणी पुन्हा आली, तेव्हा मी शेरा लिहिला: ‘आकडा बरोबर आहे. विलंब माझ्यामुळे झाला.’ साठ प्रती आता वर्गावर्गांत आहेत. येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण संस्थांच्या समित्यांवर आहेत. अशी मागणी आपल्यापुढे आली, तर खुणेकडे अवश्य पाहा. पण परत पाठवण्यापूर्वी मागणी करणाऱ्याला एकदा विचारा.