जुन्या गाडीचे बुश : आर्म बदलण्याआधी

आपल्या धंद्यात गाडी शोभेसाठी नसते, ती हमालच असते. माझी जुनी मारुती ८०० मागच्या सीटवर कापडाचे तागे घेऊन भिवंडीच्या खड्ड्यांतून धावते. ब्रेक दाबला की ती एका बाजूला ओढू लागली, खड्ड्यात खालून ठकठक येऊ लागली, पुढचे टायर कडेने झिजले. एका गॅरेजवाल्याने पुढचे दोन्ही लोअर आर्म नवे टाकायला सांगितले.

ओळखीच्या उस्तादांनी पहार लावून आर्म हलवून दाखवला. लोखंड शाबूत होते, फाटले होते ते रबरी बुश. आर्मच्या मानाने बुश फारच स्वस्त. जुना नमुना सोबत नेऊन घ्यावा. आर्म काढून प्रेसवाल्याकडे न्यावा. तो जुना बुश दाबून काढतो, नवा बसवतो. हातोडा नको. रबराला तेल-ग्रीसही नको, साबणाचे पाणी पुरे.

यापूर्वी एकदा मी घाईत फसलो होतो. कारागिराने गाडी जॅकवर असतानाच बोल्ट आवळले. चाक लटकलेले असताना आर्म खाली झुकलेला असतो. गाडी खाली उतरली की रबर पिळले जाते आणि तसेच राहते. ते बुश लवकरच फाटले, मजुरी दुबार गेली. म्हणून शेवटची आवळणी गाडी चाकांवर उभी असताना, आपण समोर थांबून करवून घ्यावी.

बुश दोन्ही बाजूंचे बदलावेत, स्टॅबिलायझर बारचेही पाहावेत, नंतर अलाइनमेंट करावी. बॉल जॉइंट ढिला किंवा आर्म वाकलेला निघाला तर मात्र काटकसर सोडून नवे सामान घ्यावे.