वर भेळ, खाली किडे

गिरगाव चौपाटीवर सगळ्यांच्या माना सूर्यास्ताकडे. पुनवेच्या आसपास, मोठ्या ओहोटीला जरा पायाखाली बघा. ओल्या रेतीतून शंख-शिंपल्यांचे तुकडे डकवलेलं एखादं नळकांडं डोकावत असेल, तर तो कचरा नव्हे, बंगला आहे! मालकाचं नाव डायोपॅट्रा. अंगातल्या चिकट द्रवाची नळी तयार करायची आणि हाती लागेल ते वर चिकटवायचं, हा त्याचा उद्योग. डोक्यामागे लाल, पिळदार कल्ले. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७पासून ओहोटीला लोकांना किनाऱ्यावर नेऊन असलीच बिऱ्हाडं दाखवतात.

याचा भाऊबंद तुम्हाला दहावीत भेटलाय. वलयांकित प्राणी : गांडूळ, जळू, नेरीस. घोकलंत, लिहिलंत, विसरलात. पण गांडुळाला नेरीसचा थाट कुठला! याला चार डोळे. जवळजवळ प्रत्येक वलयाला परापादांची, म्हणजे चपट्या, मांसल पायांची जोडी आणि त्यांवर ताठ केसांचे झुबके. रांगणं, पोहणं, श्वास घेणं, सगळं याच पायांवर. जबडा मात्र आत दडवलेला. भक्ष्य टप्प्यात आलं की घसाच उलटा होऊन बाहेर येतो, टोकाला दोन आकडे घेऊन. त्या आकड्यांत चक्क जस्त असतं. ग्लिसेरा तर त्याहून नग : जबडे चार, त्यांत तांबं आणि वर विष.

नेरीसची वीणही भलतीच नाट्यमय. हंगाम आला की कित्येक जातींत डोळे मोठे होतात, मागचे पाय वल्ह्यांसारखे पसरट होतात. प्राणी तळ सोडून वर येतो, अंडी किंवा शुक्राणू पाण्यात सोडतो आणि मरतो.

शिवडीला लोक दुर्बिणी घेऊन जातात ते फ्लेमिंगोंसाठी. त्यांतला छोटा फ्लेमिंगो प्रामुख्याने सूक्ष्म शेवाळावर जगतो. चिखलातल्या किड्यांवर खरा डोळा असतो तो लांब, वाकड्या चोचीच्या कर्ल्यूचा. चिखलात सांडपाणी वाढलं की बाकीचे किडे हटतात आणि कॅपिटेला नावाचा बारीक, लालसर किडा फोफावतो. तोच तो सापडू लागला, की शास्त्रज्ञांच्या कपाळाला आठ्या पडतात.

वर्गीकरणात तर धमाल आहे. शेंगदाणा किड्याच्या अंगावर एकही वलय नाही, म्हणून त्याला वेगळा संघ बहाल केला होता. डीएनए तपासल्यावर स्वारी वलयांकितांच्याच घरातली निघाली! उलट लाकडी गलबतं पोखरणारा टेरेडो दिसतो अळीसारखा लांबुळका, पण आहे शिंपल्याच्या गोतातला. डोक्याकडच्या दोन इवल्या शिंपल्यांनी तो लाकूड कातरतो. सागवान त्याला तितकं सहज पोखरता येत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे.

आणि सगळ्यांत इरसाल अ‍ॅकॉर्न कृमी. पुढे सोंड, मग गळपट्टी, मागे लिबलिबीत धड. पण घशाला कल्ल्यांच्या फटी असतात, अगदी माशाला असाव्यात तशा. त्यामुळे नात्याने तो नेरीसपेक्षा तुमच्याआमच्या जवळचा. पाठ्यपुस्तकात त्याचं नाव बॅलॅनोग्लॉसस. ते शुद्ध लिहिण्यातच निम्मी मुलं गारद होतात.