विली ओरीचा डावा डोळा

आइस हॉकीतल्या फॉरवर्डची किंमत तीन आकड्यांवरून ठरते: सामने, गोल आणि असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याच्या गोलाला लावलेला हातभार. नॅशनल हॉकी लीग, म्हणजे एनएचएलमधले विली ओरीचे आकडे आहेत ४५, ४ आणि १०. नुसते हे वाचले तर चार दिवस येऊन गेलेला खेळाडू वाटेल. पण या ४५ सामन्यांत त्याचा उजवा डोळा जवळजवळ निकामी होता, आणि लीगला त्याचा पत्ता नव्हता. एनएचएलमध्ये खेळलेला पहिला कृष्णवर्णीय म्हणून त्याचा गौरव होतो, तो रास्तच आहे. मात्र त्या गौरवात तो खेळाडू म्हणून काय करत होता हे पार झाकलं जातं.

कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात, फ्रेडरिक्टन गावी १९३५ साली त्याचा जन्म झाला. तेरा भावंडांत तो शेंडेफळ. वेगवान स्केटिंग हे त्याचं भांडवल, आणि ते त्याने लहानपणीच कमावलं. बेसबॉलही तो उत्तम खेळे. १९५६ मध्ये एका बड्या बेसबॉल क्लबने त्याला चाचणी शिबिरासाठी अमेरिकेच्या दक्षिणेत, जॉर्जियात बोलावलं. तिथे राहणं, जेवणं, सगळं रंगावरून वेगळं. परतीच्या बसमध्ये त्याला मागच्या बाकावर बसावं लागलं. बस जसजशी उत्तरेकडे सरकत गेली तसतसा तो एकेक बाक पुढे येत गेला. घरी पोहोचेपर्यंत त्याचं ठरलं होतं: आता फक्त हॉकी.

तोवर डोळा गेलेला होता. १९५५-५६ च्या हंगामात किचनरच्या ज्युनियर संघाकडून खेळताना पक थेट चेहऱ्यावर आदळला. पक म्हणजे सुमारे १७० ग्रॅमची टणक रबरी चकती, आणि त्या काळात हेल्मेट फारसं कुणी घालत नसे. नाक मोडलं, गालाचं हाड मोडलं, उजव्या डोळ्याची सुमारे ९५ टक्के दृष्टी गेली. डॉक्टरांनी खेळ सोडायला सांगितलं. काही आठवड्यांतच तो पुन्हा बर्फावर होता. एका डोळ्याने अंध असलेल्याला एनएचएलमध्ये खेळायला नियमानेच बंदी होती, म्हणून त्याने अगदी जवळच्यांखेरीज कुणाला काही सांगितलं नाही.

क्रिकेटपटू मन्सूर अली खान पतौडींचाही उजवाच डोळा १९६१ च्या मोटार अपघातात गेला होता. पण त्यांची दुखापत सगळ्यांना ठाऊक होती. ओरीला ती दर सामन्यात लपवावी लागत होती, आणि तेही अंगावर धावून येणाऱ्या माणसांच्या खेळात.

त्याची अडचण समजायला मैदानाची मांडणी लक्षात घ्यायला हवी. बर्फावर प्रत्येक संघाचे सहा जण असतात: गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन फॉरवर्ड. तिघांतला मधला सेंटर, दोन बाजूंना विंगर. ओरी डावा विंगर. म्हणजे त्याचा सेंटर, त्याच्याकडे येणारा पास आणि धडकायला येणारा प्रतिस्पर्धी, हे सगळं बहुतेकदा त्याच्या उजव्या हाताला. नेमकी तीच बाजू अंधारात! पास बघायचा तर भर वेगात मान पुरती वळवायची, आणि मान वळली की समोरचा माणूस नजरेआड. खोलीचा अंदाजही दोन डोळ्यांसारखा येत नाही.

अशा अवस्थेत १८ जानेवारी १९५८ रोजी तो बॉस्टन ब्रुइन्सकडून मॉन्ट्रियलमध्ये उतरला. बॉस्टनने सामना ३-० असा जिंकला. तेव्हा एनएचएलमध्ये संघच सहा होते, जागा मोजक्या. दोन सामन्यांनंतर तो पुन्हा खालच्या लीगमध्ये. १९६०-६१ मध्ये आणखी ४३ सामने मिळाले. १ जानेवारी १९६१ ला त्याने मॉन्ट्रियलविरुद्धच पहिला गोल केला. प्रेक्षकांच्या वर्णद्वेषी शिव्या मात्र गावोगाव होत्याच. शिकागोत एका खेळाडूच्या स्टिकच्या तडाख्याने त्याचे पुढचे दोन दात पडले.

खरा ओरी दिसला तो त्यानंतर, लॉस एंजेलिसच्या संघात, वेस्टर्न हॉकी लीगमध्ये. तिथे त्याला डावीकडून उजव्या विंगवर हलवलं. तो डावखुरा असल्यामुळे तिथे पास स्टिकच्या उलट्या बाजूने झेलावे लागत, आणि विंगरला ही गैरसोय मोठी. पण सगळा खेळ आता डाव्या, धड डोळ्यासमोर आला. फरक आकड्यांत उमटला. त्या लीगमध्ये त्याने चार हंगामांत तीस किंवा अधिक गोल केले. १९६४-६५ आणि १९६८-६९ मध्ये प्रत्येकी ३८. पुढे सॅन डिएगोतही तो खेळत राहिला आणि १९७९ मध्ये, ४३ व्या वर्षी थांबला. दरम्यान एनएचएलला दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू, माइक मार्सन, मिळायला १९७४ साल उजाडलं होतं.

१९९८ पासून लीगच्या वतीने वंचित मुलामुलींना हॉकीकडे आणण्याचं काम त्याने केलं. बॉस्टनने २०२२ मध्ये त्याचा २२ क्रमांक कायमचा निवृत्त केला. त्याआधी, २०१८ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेमने त्याला आत घेतलं, पण खेळ घडवणाऱ्यांच्या विभागात, खेळाडूंच्या नव्हे. मला हा निम्माच न्याय वाटतो. एका डोळ्याने मोसमात ३८ गोल करणाऱ्या फॉरवर्डचं नाव खेळाडूंच्या यादीत असायला हवं होतं.